पाकिटातली १२० ग्रॅमची पुडी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. हिंगणघाटजवळच्या आमच्या गावी काका ओसरीवर बसून कपाशीच्या बियाण्याची पाकिटं फोडत होते. एक पाकीट साडेचारशे ग्रॅमचं, साधारण एका एकराचं. प्रत्येक पाकिटासोबत आणखी एक छोटी पुडी निघायची, १२० ग्रॅमची. काका ती न बघताच कोपऱ्यात टाकत होते. बघता बघता तिथे आठ-दहा पुड्या साचल्या. हे काय आहे, असं मी विचारलं.

"राहू दे थे, बिनकामाचं हाय," एवढंच उत्तर मिळालं.

ती पुडी बिनकामाची नव्हती. देशात जनुकीय बदल केलेलं पहिलं पीक घ्यायला सरकारने परवानगी दिली, तेव्हा ज्या अटी घातल्या त्यातली सगळ्यात महत्त्वाची अट त्या पुडीत बांधलेली होती. आणि तरीही काकांचा हिशेब चुकीचा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते कळलं की नवं विज्ञान आलं म्हणजे सरकारला नेमकं काय करावं लागतं आणि ते कुठे फसतं, याचा बराच उलगडा होतो. या विषयावर हल्ली कोणी लिहायला बसलं की थेट कृत्रिम बुद्धिमत्तेवर जातं. मी कपाशीवरच थांबतो. तिच्यात सगळं घडून गेलेलं आहे, अगदी निकालासकट.

आधी थोडं विज्ञान. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. थुरिंजिया हा जर्मनीतला प्रांत, त्यावरून हे नाव पडलं. आपण त्याला आद्याक्षरांवरून बीटी म्हणतो. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. ते बोंडअळीच्या पोटात गेलं की तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, आतड्याच्या भिंतीला चिकटतं आणि तिला भोकं पाडतं. अळीचं खाणं थांबतं आणि ती मरते. आपल्या पोटात आम्ल असतं आणि ते प्रथिन धरून ठेवणारी जागाही आपल्या आतड्यात नसते, त्यामुळे माणसावर ते तसं काम करत नाही. शास्त्रज्ञांनी जिवाणूतला हे प्रथिन बनवणारा जनुक काढून कपाशीत घातला. त्यामुळे अळीचं औषध झाड स्वतःच तयार करू लागलं. ही कल्पना देखणी आहे, हे तिच्या विरोधकांनीही मान्य करावं.

अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीचं हे तंत्रज्ञान भारतात आलं ते जालन्याच्या मार्गाने. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात सुरू केलेल्या महिको कंपनीला १९९५ साली हे बियाणं आयात करायची परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतून शंभर ग्रॅम बी आलं. शंभर ग्रॅम म्हणजे दोन मुठी. तिथून सहा वर्षं चाचण्या चालल्या. २६ मार्च २००२ रोजी दिल्लीतल्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने, म्हणजे जीईएसीने, महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. ती तीन वर्षांसाठी होती आणि सशर्त होती.

पण या तारखेच्या आधी गुजरातेत काय झालं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००१ च्या हंगामात तिथे बोंडअळीने कपाशी फस्त केली. काही शेतं मात्र हिरवीगार उभी राहिली. चौकशी झाली तेव्हा कळलं, की 'नवभारत १५१' या नावाने विकलेल्या बियाण्यात तोच बीटी जनुक आहे आणि त्याला कुठलीही परवानगी नाही. हजारो एकरांवर ते उभं होतं. जीईएसीने ते पीक उपटून जाळायचा आदेश काढला. आता ऑक्टोबरमध्ये बोंडं फुटायला लागलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे उभ्या कपाशीला, काडी लावायला कोणतं राज्य सरकार शेतात जाईल? शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. पीक जळलं नाही, वेचलं गेलं. आणि पाच-सहा महिन्यांत रीतसर परवानगी आली. ती फक्त याच दबावामुळे आली असं मी म्हणणार नाही, चाचण्या खरोखर झाल्या होत्या. पण क्रम लक्षात ठेवा. आधी शेत, मग कायदा. हा क्रम पुढे पुन्हा दिसेल.

आता त्या पुडीकडे येऊ.

कोणत्याही अळीच्या लाखोंच्या लोकसंख्येत एखाद-दुसरी अशी असते, जिच्यावर हे प्रथिन चालत नाही. सगळ्या शिवारात बीटी कपाशीच असेल तर बाकीच्या मरतात आणि हीच उरते. तिचे पतंग होतात. आसपास जिवंत उरलेले दुसरे पतंगही तिच्यासारखेच, त्यामुळे त्यांच्यातच मीलन होतं आणि पिल्लंही तशीच निपजतात. काही वर्षांत सगळी फौजच निगरगट्ट होते. यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय उलट्या डोक्याचा वाटतो. शेताच्या कडेने थोडी साधी, बिगरबीटी कपाशी लावायची आणि तिच्यावर अळ्या मुद्दाम पोसू द्यायच्या. या अळ्यांना बीटीची सवय नसते. त्यांचे पतंग मोठ्या संख्येने उडतात आणि त्या एखाद-दुसऱ्या निगरगट्ट पतंगाशी मीलन करतात. प्रतिकाराचा गुण बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून आला तरच पुरता उतरतो, म्हणून अशा मिश्र जोडीची पिल्लं बीटी खाल्ली की मरतात. त्या साध्या कपाशीच्या पट्ट्याला इंग्रजीत आसरा या अर्थाचा शब्द आहे, रेफ्यूज. आपल्याकडे कृषी सहायक 'आश्रय पीक' म्हणतात आणि शेतकरी 'नॉन-बीटी' म्हणतात.

परवानगीची अट अशी होती: बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढं बिगरबीटी लावायचं. काकांच्या ओसरीवरची १२० ग्रॅमची पुडी म्हणजे तेच २० टक्के.

आता काकांच्या जागी बसून बघा. पाच एकर कोरडवाहू जमीन. त्यातली एक एकर अळीच्या घशात घालायची, तीही स्वतःच्या हाताने. फायदा मिळणार तो सगळ्या शिवाराला आणि दहा वर्षांनी. शेजारच्याने पुडी फेकली तर आपण लावून उपयोग काय? शिवाय पुडीतलं बी मुख्य वाणासारखं नसायचं, उगवणीच्या तक्रारीही असायच्या. पुडीवर छापलेल्या बारीक मजकुराखेरीज हे सगळं कोणी समजावलंही नव्हतं. तपासायला कोण येणार? कोणी आलं नाही. अट कागदावर पक्की, पण पाळली तर एकट्याचा तोटा, मोडली तर कोणालाच तत्काळ काही नाही. अशी अट लाखो शेतकऱ्यांकडून पाळली जाईल, असं दिल्लीत बसून कोणाला वाटलं असेल तर त्याने कधी पेरणीच्या दिवशी ओसरीवर बसून पाहायला हवं होतं.

सुरुवातीची वर्षं छान गेली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. देशाचं कापूस उत्पादन २००१-०२ मध्ये सुमारे १५८ लाख गाठी होतं (एक गाठ १७० किलोची), ते २०१३-१४ मध्ये ३९० लाखांच्या पुढे गेलं. यात बीटीचा वाटा किती आणि सिंचन, खतं, नव्या कीटकनाशकांचा किती, यावर अभ्यासक आजही भांडतात. पण हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे गावातल्या कोणालाही विचारा. दहाएक वर्षांत देशातलं ९० टक्क्यांहून जास्त कपाशीचं क्षेत्र बीटीखाली गेलं. महाराष्ट्रात कपाशी सुमारे ४० लाख हेक्टरवर असते, देशात सगळ्यात जास्त, आणि तीही बरीचशी पावसाच्या भरवशावर.

मग गुलाबी बोंडअळी आली. ती पूर्वीपासून होतीच, आता ती निगरगट्ट होऊन परतली. गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या पिढीच्या बीटीला ती दाद देत नाही, हे २०१० पर्यंत उघड झालं होतं. तोवर दोन जनुकांचं दुसऱ्या पिढीचं बियाणं, बीजी-दोन, बाजारात होतं. काही वर्षांत तेही हरलं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात जे झालं ते डोळ्यांसमोरून जात नाही. गुलाबी अळीचं वैशिष्ट्य असं, की ती बाहेरून दिसत नाही. फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं, त्याला डोमकळी म्हणतात. बोंड वरून टवटवीत, हिरवं. नखाने फोडलं की आत पाकळीतली सरकी पोखरलेली आणि गुलाबी रंगाची बोटाच्या पेराएवढीही नसलेली अळी वळवळताना दिसते. बोंड अर्धवट उमलतं, कापूस पिवळट पडतो आणि बोंडालाच चिकटून बसतो. हा कवडी कापूस वेचायला मजूर दुप्पट वेळ लावतात आणि व्यापारी निम्मा भाव सांगतो. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यामागे कारणं अनेक होती. विषारी मिश्रणं, उंच वाढलेली पऱ्हाटी, तोंडाला फडकंसुद्धा नसणं. पण ज्या बियाण्याने फवारणी संपवायची होती, त्याच्याच शेतात हे घडलं.

सरकारने काय केलं? डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मदत जाहीर झाली. कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये आणि बागायतीला ३७,५०० रुपये. आकडे मोठे होते, पण त्यांची फोड बघा. थोडी रक्कम आपत्ती निवारण निधीतून, थोडी पीकविम्यातून, आणि १६,००० रुपये बियाणं कंपन्यांकडून वसूल करून. शेतकऱ्यांनी रांगा लावून 'जी फॉर्म' भरले. महाराष्ट्राच्या कापूस बियाणे कायद्यात बियाणं सदोष निघालं तर भरपाई आहे, त्याचा हा अर्ज. आणि इथेच गाडी रुतली. बियाणं सदोष होतं का? पाकिटावर लिहिलेला जनुक पाकिटातल्या बियांत होता. उगवणही ठीक होती. बदलली होती ती अळी. कायद्याला 'खराब बी' ओळखता येत होतं, 'हुशार झालेली अळी' ओळखता येत नव्हती. कंपन्यांच्या वाट्याची रक्कम वादात अडकली. नवं तंत्रज्ञान जुन्या कायद्याच्या साच्यात बसवलं की हे असं होतं. चूक कोणाचीच सापडत नाही, नुकसान मात्र सापडतं.

हे अटळ होतं का? नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच अळी, हेच तंत्रज्ञान. तिथे शेतकऱ्यांनी आश्रय पीक लावलं. नंतर २००६ पासून त्याच्या जागी वांझ केलेले गुलाबी पतंग विमानातून शेतांवर सोडले. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने व्यापारी कपाशीतून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. तिथली शेतं मोठी, शेतकरी थोडे आणि संघटित, हा फरक आहेच. म्हणून मला चीनचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. यांगत्से खोऱ्यातले छोटे शेतकरी संकरित बीटीच्या झाडांपासूनच पुढे धरलेलं स्वस्त बी पेरू लागले. संकराच्या अशा पुढच्या पिढीत साधारण चार झाडांमागे एक बिगरबीटी निघतं. म्हणजे कोणीही न सांगता, शेतातच २५ टक्के आश्रय तयार झाला आणि गुलाबी अळीचा प्रतिकार मागे हटला. तिथे सरकारने ठरवून केलेलं धोरण कमी पडलं असतं, ते शेतकऱ्याच्या काटकसरीने साधलं.

आपल्याकडे हे का झालं नाही, त्याचं उत्तर संकरित बियाण्यात आहे. भारतात बीटी जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांतून आली, बाकी जगात मुख्यतः सरळ वाणांतून, ज्यांचं बी घरी धरून पुन्हा पेरता येतं. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, म्हणजे कंपनीचा धंदा आपोआप राखला जातो. या वाणांचा हंगामही लांबतो. पाणी असेल तर शेतकरी डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घेतो, आणि गुलाबी अळीला वर्षभराची खानावळ मिळते. समितीपुढे प्रश्न होता, 'हा जनुक सुरक्षित आहे का?' तो जनुक कोणत्या प्रकारच्या झाडात, किती महिन्यांच्या पिकात, कोणाच्या शेतात जाणार, हा प्रश्न तिच्या टेबलावर नव्हता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर 'बिकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण काढलं होतं, बी घरचं ठेवता येईल असं. २००९ मध्ये ते शेतकऱ्यांना दिलंही. पण त्यात मोन्सँटोचाच जनुक मिसळल्याचं निघालं आणि ते मागे घ्यावं लागलं. सार्वजनिक संशोधनाची ती मोठी नाचक्की होती. मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यात महागडं अपयश हेच.

एका बियाण्यावर सत्ता किती जणांची चालते, हेही पाहण्यासारखं आहे. जनुकीय बदलाचे नियम १९८९ चे, ते पर्यावरण कायद्याखालचे, म्हणून परवानगी पर्यावरण मंत्रालयातल्या जीईएसीमार्फत. प्रयोगशाळेतलं आणि सुरुवातीच्या चाचण्यांचं काम जैवतंत्रज्ञान विभागाच्या समितीकडे. बियाण्याचा दर्जा कृषी खात्याकडे. खाण्यात गेलं तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे. आणि शेती हा राज्याचा विषय, म्हणून शेतातली चाचणी घ्यायची तर राज्याचं ना हरकत पत्र. महाराष्ट्राने ते द्यावं की नाही हे ठरवायला अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. किमतीचा आणखी वेगळाच खेळ. सुरुवातीला पाकीट १,६०० रुपयांच्या वर जायचं, त्यात मोठा हिस्सा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगात गेलं आणि भाव ७५० वर आला. २०१६ पासून केंद्रच भाव ठरवतं. त्या वर्षी बीजी-दोनचं पाकीट ८०० रुपयांना होतं आणि त्यात शुल्क होतं ४९ रुपये. २०२० मध्ये ते शून्य झालं. शेतकऱ्याला स्वस्त मिळालं, पण तिसरं तंत्रज्ञान येण्याची वाटही तिथेच बंद झाली. तणनाशक सोसणाऱ्या पुढच्या पिढीच्या कपाशीचा अर्ज मोन्सँटोची भागीदार असलेल्या महिकोने २०१६ मध्येच मागे घेतला होता.

अर्ज मागे गेला, बियाणं मात्र आलं. गुजरातची गोष्ट पुन्हा, यावेळी आपल्या दारात. विदर्भात त्याला 'चोर बीटी' म्हणतात, कागदोपत्री एचटीबीटी. जुलैत निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही. या कपाशीवर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं की तण जळतं आणि पऱ्हाटी तशीच उभी राहते. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी दिवसाढवळ्या, जाहीर करून हे बी पेरलं. सविनय कायदेभंगच. तेव्हाच्या पर्यावरण कायद्यात याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. गुन्हे दाखल झाले. पेरणी चालूच राहिली. मधल्या काळात संसदेने या कायद्यातली कैद काढून दंडावर आणलं. बंदीचा खरा परिणाम एवढाच झाला, की बी चोरून घ्यावं लागतं. पक्कं बिल नाही, त्यामुळे उगवलं नाही तर तक्रार नाही, आत कोणता जनुक किती आहे याची खात्री नाही. तणनाशकाचा परिणाम, त्याचं पाण्यात उतरणं, तणांचं निगरगट्ट होणं यावर सरकारी देखरेख नाही, कारण सरकारदरबारी हे पीक अस्तित्वातच नाही. २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत वापरायचं असा आदेश काढला. परवानाधारक कीडनियंत्रक आमच्या गावात मी अजून पाहिलेला नाही.

वांग्याची गोष्ट याच्या नेमकी उलट. तिथे लोकांना विचारलं गेलं. बीटी वांग्याला १४ ऑक्टोबर २००९ रोजी जीईएसीने हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो तिथेच अडवला आणि देशातल्या सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपुरात. शास्त्रज्ञ, शेतकरी, ग्राहक, डॉक्टर, घोषणा देणारे, घोषणांना घोषणा देणारे, सगळे आले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी स्थगिती दिली. शास्त्रज्ञांत एकमत नाही, राज्यांचा विरोध आहे, चाचण्या कंपनीनेच केलेल्या आहेत, घाई कशासाठी, अशी कारणं त्यांनी लेखी दिली. त्याच वर्षी समितीच्या नावातला एक शब्द बदलला. 'मान्यता' समिती 'मूल्यमापन' समिती झाली. इंग्रजी आद्याक्षर तेच राहिलं, त्यामुळे पाटीवर काही फरक दिसला नाही, पण अंतिम शब्द शास्त्रज्ञांच्या समितीचा नाही, राजकीय नेतृत्वाचा, हे त्यातून ठरलं.

मला ते चूक वाटत नाही. किती धोका पत्करायचा, हा प्रयोगशाळेत सुटणारा प्रश्न नाही. विज्ञान सांगेल की अमुक शक्यता इतकी आहे. ती चालेल की नाही, हे ज्याला खायचंय आणि ज्याला पिकवायचंय त्याला विचारायलाच हवं. मात्र स्थगिती म्हणजे निर्णय नव्हे. कोणत्या चाचण्या, कोणी, किती वर्षांत करायच्या, हे ठरलं नाही, आणि स्थगिती तशीच लोंबकळत राहिली. जालन्याच्याच तंत्रज्ञानाचं वांगं २०१३ मध्ये बांगलादेशने मंजूर केलं आणि जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या वीस शेतकऱ्यांच्या हातात रोपं दिली. दरम्यान आपण बीटी सरकीचं तेल खात होतो, म्हशींना बीटी सरकीची ढेप घालत होतो. ते 'अन्न' म्हणून कोणाच्या फारसं डोळ्यांवर आलं नाही, कारण परवानगी कपड्याच्या पिकाला होती.

तिसरी वाट कोर्टाची. २००५ पासून एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू आहे. दिल्ली विद्यापीठातल्या दीपक पेंटल यांच्या गटाने काढलेल्या जनुकीय बदलाच्या मोहरीला २०२२ मध्ये जीईएसीच्या शिफारशीवरून परवानगी मिळाली, ती तिथेच अडकली. २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींनी दोन निकाल दिले. न्या. नागरत्ना यांनी परवानगी रद्द ठरवली, न्या. करोल यांनी ती वैध ठरवली. एकाच गोष्टीवर दोघांचं जमलं: जनुकीय पिकांसाठी केंद्राने राष्ट्रीय धोरण आखावं. बीटी कपाशी देशात येऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

आणि हे धोरण येईपर्यंत विज्ञान पुढच्या बांधावर गेलेलं आहे. आता बाहेरचा जनुक आणून घालायची गरजच पडत नाही. झाडाचाच जनुक नेमक्या जागी कापून बंद करता येतो किंवा किंचित बदलता येतो. याला जनुक संपादन म्हणतात. ज्या कात्रीने हे होतं, त्या क्रिस्परसाठी २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ३० मार्च २०२२ रोजी केंद्राने ठरवलं, की अंतिम रोपात परका जनुक नसेल तर १९८९ च्या नियमांतल्या जीईएसीच्या लांबलचक चौकशीतून सूट. तर्क सरळ आहे: असा बदल निसर्गातही होऊ शकतो, मग वेगळं का वागवायचं? ४ मे २०२५ रोजी कृषिमंत्र्यांनी अशा भाताचे दोन वाण जाहीर केले. सांबा मसुरीपासून काढलेला 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १'. दोन्ही सरकारी संस्थांचे. बिकानेरी नरमाची जखम आठवणाऱ्याला याचं बरं वाटतं. मात्र कात्रीवरचे पेटंट परदेशी संस्थांचे आहेत, तो हिशेब बाकी आहे.

काकांच्या ओसरीवरची ती पुडी आता येत नाही. सरकारने पद्धत बदलली. हल्ली ४७५ ग्रॅमच्या एकाच पाकिटात पाच ते दहा टक्के बिगरबीटी बी मिसळूनच येतं. फेकायचं काय, हेच कळत नाही, म्हणून फेकलंही जात नाही. वीस वर्षं शेतकऱ्याच्या शहाणपणावर सोडलेली गोष्ट कारखान्यातल्या मिसळणीच्या यंत्रावर सोडली, आणि ते जमलं. हे २००२ मध्ये करता आलं असतं. जोडीला अळीचं चक्र तुटावं म्हणून कृषी विभागाने गेल्या काही वर्षांत ठरवून दिलेल्या तारखेच्या आधी शेतकऱ्याला कपाशीचं बी विकू नका, फरदड घेऊ नका, नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावा, असे आदेश काढले आहेत.

गेल्या खेपेला तालुक्याच्या गावी कृषी खात्यातल्या एका ओळखीच्याने मला बीटी ओळखायची पट्टी दाखवली. अशा पट्ट्या नागपूरच्या संस्थेनेही तयार केल्या आहेत. पऱ्हाटीच्या पानाचा तुकडा छोट्या नळीत घालून द्रावणात चिरडायचा, त्यात पट्टी बुडवायची आणि थोडा वेळ थांबायचं. दोन रेघा उठल्या तर बीटी, एक उठली तर साधं. मी त्यांना विचारलं, नव्या जनुक संपादित भातासाठी अशी पट्टी आहे का? पट्टी परक्या जनुकाचं प्रथिन शोधते, आणि इथे परकं काहीच नाही. त्यांनी पट्टी पुसून डबीत ठेवली आणि म्हणाले, "त्या भाताचं बी आलं तर पाकिटावर जे लिहिलंय तेच आम्ही रजिस्टरला लिहिणार."